एक हजार पंच्याण्णव

मिसिसॉगातल्या मराठी घरात एखाद्याला लग्नाचा वाढदिवस आठवणार नाही, पण लॅन्डिंगची तारीख झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल. पीआर म्हणून, म्हणजे कायमचा रहिवासी म्हणून, कॅनडानं ज्या दिवशी दाखल करून घेतलं ती ही तारीख. नागरिकत्वाच्या मोजणीत तो अख्खा दिवस धरतात, मग विमान रात्री अकराला का उतरलेलं असेना.

मोजायचे असतात १,०९५ दिवस. अर्जावर ज्या तारखेला सही कराल तिथून मागे पाच वर्षं जायचं आणि त्या पाच वर्षांत इतके दिवस आपण सदेह कॅनडात होतो हे दाखवायचं. पाच वर्षांचे दिवस होतात १,८२६. लीप वर्ष दोनदा आलं तर एक जास्त. म्हणजे ७३१ दिवस बाहेर काढले तरी चालतं. शेजारपाजारचे नियम पाहिले तर हे बरंच सैल आहे. ब्रिटन पाच वर्षांत ४५० दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी सहसा खपवून घेत नाही, त्यातही शेवटच्या वर्षात ९०. शिवाय अर्ज पोचेल त्याच्या बरोबर पाच वर्षं आधी, त्या नेमक्या तारखेला, तुम्ही ब्रिटनमध्ये असायला हवं, अशी एक चमत्कारिक अट तिथं आहे. त्या दिवशी मावसभावाच्या लग्नाला नाशकात असाल तर अर्जाची तारीख बदलायची. ऑस्ट्रेलिया चार वर्षांत बारा महिने बाहेर राहू देतो आणि शेवटच्या वर्षात ९० दिवस.

कॅनडाचा सैलपणा मात्र थांबायची तयारी असलेल्यांसाठी. आपले बहुतेक लोक थांबायला तयार नसतात. कॅनडाचा पासपोर्ट हातात आला की अमेरिकेत टीएन व्हिसावर नोकरी करता येते, त्याला लॉटरी नसते. कंपनीनं तीन दिवसांसाठी जर्मनीला पाठवलं तर व्हिसासाठी रांग लावावी लागत नाही. आणि पीआर कार्डाची टांगती तलवार जाते, कारण पीआर टिकवायलाही पाच वर्षांत ७३० दिवस लागतातच. त्यामुळे लॅन्डिंग झाल्या दिवसापासून बरोबर तीन वर्षांनी अर्ज टाकायचा, हे स्वप्न घराघरात असतं. ते साधायचं तर मधे एकही दिवस देशाबाहेर जायचं नाही.

आणि मधे भारत असतो.

गेल्या उन्हाळ्यात टोरांटोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत मी या मोजणीबद्दल लोकांशी बोलत फिरलो. जवळजवळ प्रत्येक घरात एक एक्सेल शीट निघाली. बाहेर गेल्याची तारीख, आत आल्याची तारीख, मधले दिवस, कारण. सरकारचं स्वतःचं ऑनलाइन गणकयंत्र आहे आणि तेही हेच विचारतं, पण त्यावर कुणाचा भरवसा नसतो. आधी आपली शीट, मग सरकारची, मग दोन्ही जुळवायच्या. सांगलीकडच्या एका नर्सताईंनी त्यांची शीट मला लॅपटॉपवर दाखवली. कारणाच्या रकान्यात पहिल्या ओळीत 'वडील, बायपास' होतं, दुसऱ्या ओळीत 'वडील', तिसऱ्या ओळीत काहीच नव्हतं.

"तिसऱ्या वेळेला मी बाराव्यापर्यंत थांबले नाही," त्या म्हणाल्या. "दहावा झाला आणि निघाले. मोठा भाऊ म्हणाला, अगं दोन दिवसांनी काय होतंय? त्याला काय सांगणार?"

खरं तर दोन दिवसांनी दोनच दिवस झाले असते. ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण गल्लत इथंच होते. कॅनडाच्या नियमात गैरहजेरीला शिक्षा नाही. महिनाभर बाहेर राहिलात तर आधीचे दिवस पुसले जात नाहीत; अर्जाची तारीख महिनाभर पुढे सरकते, एवढंच. अमेरिकेत सहा महिन्यांहून लांबलेली एक फेरी सलग वास्तव्यच तुटलं असा संशय उभा करते. इथं तसं नाही. ताईंना हे ठाऊक होतं. पण अर्ज, मग परीक्षा, मग शपथ, मग पासपोर्ट, अशी सगळी साखळी त्या एका तारखेला बांधलेली होती आणि मनानं ती तारीख पक्की धरली होती. नियम दोन दिवस द्यायला तयार होता. त्या तयार नव्हत्या.

असं बोलणारे पुष्कळ भेटले. ठाण्याच्या एका जोडप्यानं सगळ्या सुट्ट्या व्हँकुव्हर, बॅन्फ, क्युबेक अशा देशातच काढल्या. फोटो सुंदर आहेत, आणि आजीनं नातू पहिल्यांदा पाहिला तो सव्वातीन वर्षांचा. एका तरुणानं सांगितलं की बफेलोचं सीमेपलीकडचं आउटलेट मॉलसुद्धा त्यानं वर्ज्य केलं होतं. हे मात्र निव्वळ अज्ञान. दिवसाचा काही भाग जरी कॅनडात असलात तरी तो दिवस हजेरीत धरतात. सकाळी जाऊन संध्याकाळी बूट घेऊन परतणाऱ्याचं काहीही कमी होत नाही.

कोविडनं या शीट्सची वाट लावली. मार्च २०२० मध्ये भारतानं आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली तेव्हा आई-वडिलांना भेटायला गेलेले कितीतरी पीआर तिकडेच अडकले. पुढच्या वर्षी २२ एप्रिलपासून कॅनडानं भारतातून येणारी थेट विमानं थांबवली, ती सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत. मेक्सिको, सर्बिया असे द्राविडी प्राणायाम करत लोक परतले. आपण जायला तयार होतो पण विमानच नव्हतं, हे खरं असलं तरी हजेरीच्या मोजणीत महामारीसाठी वेगळी ओळ नव्हती.

ब्रॅम्प्टनमधल्या ट्रकचालकांचं गणित आणखी निराळं. यात मराठी माणूस क्वचित. हा धंदा मुख्यतः पंजाब्यांचा. पण वास्तव्य म्हणजे काय हा प्रश्न त्यांच्याइतका कुणालाच रोज पडत नसेल. माल भरून रविवारी निघायचं, सीमा ओलांडून टेक्सासपर्यंत जायचं, गुरुवारी परत यायचं. रविवार आणि गुरुवार हजेरीत. सोमवार, मंगळवार, बुधवार गैरहजर. आठवड्याला तीन, वर्षाला १५६. उरले २०९. पाच वर्षांचे १,०४५. म्हणजे ज्याचं घर ब्रॅम्प्टनमध्ये, बायको ब्रॅम्प्टनच्या दुकानात कामाला, मुलं ब्रॅम्प्टनच्या शाळेत, कर कॅनडात आणि ट्रकवर ओंटारियोची पाटी, तो माणूस पाच वर्षं नेमानं राबला तरी पन्नास दिवसांनी कमी पडतो. मधे गाडी दुरुस्तीला गेली, पाठ धरली, घरी बसावं लागलं, की तेच दिवस त्याला वर काढतात.

मग साहजिकच वाटतं की नुसते दिवस काय मोजता, माणसाचं घर कुठं आहे ते बघा ना. कॅनडानं ते करून पाहिलेलं आहे. जवळजवळ चाळीस वर्षं.

१ जानेवारी १९४७ पर्यंत कॅनडाचं नागरिकत्व अशी वेगळी चीजच नव्हती. सगळे ब्रिटिश प्रजाजन. त्या दिवशी नवा कायदा आला आणि ३ जानेवारीला ऑटवातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीत पहिला समारंभ झाला. ०००१ क्रमांकाचं प्रमाणपत्र घेतलं पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी. बाहेरून आलेल्यांसाठी त्या कायद्यात पाच वर्षांच्या वास्तव्याची अट होती. ब्रिटिश कोलंबियातल्या हिंदुस्थानी लोकांना मताचा अधिकार मिळाला तोही त्याच वर्षी. त्याआधी तिथं दशकानुदशकं राहिलेल्या शीख लाकूड-कामगारांची वर्षं कुणी मोजतच नव्हतं.

१९७७ मध्ये दुसरा कायदा आला. त्यानं अट खाली आणली: चार वर्षांत तीन वर्षं. पण 'वास्तव्य' कशाला म्हणायचं हे त्यात लिहिलं नाही. आणि ती मोकळी जागा फेडरल कोर्टाच्या न्यायमूर्तींनी आपापल्या परीनं भरली.

पहिला मोठा खटला १९७८ चा, पापाडोजिओर्गाकिस नावाच्या विद्यार्थ्याचा. नोव्हा स्कोशिया प्रांतात टस्केट नावाच्या गावी एका स्नेह्यांकडे त्याचं बिऱ्हाड, सामान तिथंच. शिकायला मात्र अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात. सुट्टी मिळाली की टस्केट. दिवस काही भरत नव्हते. न्यायमूर्ती थर्लो यांनी म्हटलं की ज्यानं एके ठिकाणी आपल्या जगण्याचं केंद्र मांडलं आहे, तो शिक्षणासाठी किंवा धंद्यासाठी तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचं वास्तव्य संपत नाही. विद्यार्थ्याला नागरिकत्व मिळालं. मुंबईत वसतिगृहात राहणाऱ्या पोराचं घर साताऱ्यालाच असतं, हे आपल्यालाही पटतंच की.

१९९२ मध्ये 'कू' खटल्यात न्यायमूर्ती रीड यांनी त्याला सहा प्रश्नांचं रूप दिलं. अलीकडच्या गैरहजेरीआधी हा माणूस इथं बराच काळ राहिला होता का? बायकोमुलं कुठं आहेत? परत येतो तेव्हा घरी आल्यासारखा येतो की पाहुण्यासारखा? किती दिवस कमी पडताहेत? बाहेर जाण्याचं कारण तात्पुरतं आहे का? आणि कॅनडाशी त्याचं नातं दुसऱ्या कुठल्याही देशापेक्षा घट्ट आहे का? प्रश्न वाचताना समंजस वाटतात. पण तो काळ हाँगकाँगचा. १९९७ ला शहर चीनकडे जाणार म्हणून धास्तावलेली कुटुंबं व्हँकुव्हरला येत. बायकोमुलं, बंगला, गाडी इथं आणि नवरा हाँगकाँगला धंद्यात, विमानानं ये-जा करत. अशा नवऱ्यांना तिथं गमतीनं 'अंतराळवीर' म्हणत. अशा घरांना सहा प्रश्नांची उत्तरं देणं सोपं जाई. ज्याच्याकडे बंगला नाही, बायको अजून पंजाबात व्हिसाची वाट बघतेय आणि जो भाड्याच्या तळघरात पाचजणांत राहतो, त्यानं 'जगण्याचं केंद्र' कशानं दाखवायचं?

पुढच्याच वर्षी, 'पूरघासेमी' खटल्यात, न्यायमूर्ती मल्डून यांनी हे सगळं झुगारून दिलं. कायद्यात तीन वर्षं लिहिलंय तर तीन वर्षं देहानं इथं असायला हवं. त्यांचं निकालपत्र मला फार आवडतं, कारण त्यात त्यांनी नागरिक कुठं घडतो याची जंत्रीच दिली आहे: मॉल, कोपऱ्यावरची दुकानं, वाचनालयं, गाड्यांची गॅरेजं, पब, लिफ्ट, चर्च, मशिदी, देवळं, जिथं जिथं चार कॅनडावासी भेटतात आणि बोलणं होतं तिथं. बँकेतले पैसे आणि कपाटातले सूट इथं ठेवून माणूस कॅनडाचा होत नाही, असा त्यांचा रोख. न्यायालयीन भाषेत लिफ्टला एवढा मान क्वचितच मिळाला असेल.

आता गंमत अशी की तीनही निकाल एकाच वेळी जिवंत राहिले. १९९९ च्या 'लॅम' खटल्यात सांगितलं गेलं की अर्ज पाहणाऱ्या नागरिकत्व न्यायाधीशानं यातली कुठलीही एक कसोटी निवडावी, फक्त ती नीट लावावी. म्हणजे सारख्याच दिवसांचे दोन अर्जदार, एक हॅलिफॅक्सला आणि एक कॅलगरीला. एकाला मिळालं, दुसऱ्याला नाही, आणि दोन्ही निर्णय बरोबर. वकिलांची चैन झाली. सामान्य अर्जदारासाठी ही शुद्ध सोडत होती.

त्या काळात अर्ज केलेले एक कुलकर्णी काका (आता सत्तरीपुढचे, ओकव्हिलला राहतात) सांगत होते की त्यांच्या वेळेला दिवस कमी पडले तर लोक पुरावे म्हणून काय काय जोडायचे: महाराष्ट्र मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या, मुलाच्या हॉकीच्या टीमचा फोटो, ग्रंथालयाचं कार्ड, शेजाऱ्याचं पत्र. "माझ्या ओळखीच्या एकानं कुत्र्याचं लायसन्स जोडलं होतं. म्हणे, कुत्रा पाळणारा माणूस देश सोडून जात नाही!" त्याला नागरिकत्व मिळालं का, असं मी विचारलं. मिळालं. कुत्र्यामुळे की कसं, ते काकांना माहीत नव्हतं.

जिथं पुरावा ढिला तिथं दुकानं निघतातच. कुणाचा तरी पत्ता भाड्यानं देणारे, कॅनडात पाऊल न ठेवणाऱ्याच्या नावानं फोनची बिलं तयार करणारे सल्लागार उभे राहिले. ब्रिटिश कोलंबियातल्या रिचमंडमध्ये एका सल्लागाराकडे हजारावर गिऱ्हाइकं होती. पासपोर्टांवर खोटे शिक्के मारून तो ती मंडळी कॅनडातच असल्याचं भासवी. २०१५ मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. त्याआधीच, २०१२ च्या सप्टेंबरात, तेव्हाचे मंत्री जेसन केनी यांनी फसवणुकीनं मिळवलेली ३,१०० पर्यंत नागरिकत्वं रद्द करण्याची प्रक्रिया सुरू असल्याचं जाहीर केलं होतं. त्याच वर्षी प्रामाणिक अर्जदारांच्या घरीही एक लांबलचक प्रश्नावली पोचू लागली: सगळे पासपोर्ट, भाडेकरार, कराच्या नोटिसा, मुलांचे शाळेचे दाखले, सगळं काढा. ज्यांना ती आली त्यांचे अर्ज वर्षानुवर्षं रखडले. ती का आली हे कुणी सांगत नसे.

२०१४ च्या कायद्यानं मग वाद मिटवला आणि दोरीही आवळली. वास्तव्य म्हणजे देहानं हजर असणं, असं पहिल्यांदा स्वच्छ लिहिलं. पण १,०९५ चे १,४६० केले, सहा वर्षांत, आणि वर चार वर्षांत दरवर्षी किमान १८३ दिवस. जून २०१५ पासून हे लागू झालं. सत्ता बदलली, ऑक्टोबर २०१७ पासून पुन्हा १,०९५ आले, या वेळी पाच वर्षांत. अंक बदलले, पण देहाची अट तशीच राहिली. ती कुणी मागे घेतली नाही.

मला विचाराल तर बरंच झालं. नर्सताईंची ती शीट पाहून हे लिहिणं सोपं नाही, पण लिहितो. माणूस किती आपला आहे हे ठरवायला बसलेला न्यायाधीश घर, गाडी, बायको, क्लब पाहतो, आणि या गोष्टी ज्यांच्याकडे आधीपासून असतात तेच पास होतात. आकडा निष्ठुर आहे. पण तो तळघरातल्या पाचजणांना आणि बंगल्यातल्या अंतराळवीराला सारखाच निष्ठुर आहे. आपल्या बाजूनं साक्ष द्यायला मोठी माणसं नसलेल्याला आकडाच परवडतो. ट्रकचालकाची पन्नास दिवसांची तूट ही अन्यायच आहे आणि संसदेनं तिच्यासाठी वेगळी तरतूद करायला हवी. कॅनडाच्या लष्करातल्या आणि सरकारी नोकरीतल्या माणसांचे परदेशातले दिवस धरतातच ना? पण त्या तुटीवरचा उपाय म्हणून पुन्हा सहा प्रश्न नकोत.

शिवाय आता खोटं बोलायला जागाही फारशी राहिलेली नाही. रस्त्यानं अमेरिकेत गेलात की तिकडची आत आल्याची नोंद इकडची बाहेर गेल्याची नोंद बनते. हे २०१९ पासून सगळ्यांना लागू आहे. विमानानं बाहेर जाणाऱ्यांची यादी २०२० पासून विमान कंपन्या सरकारला देतात. म्हणजे तुमची शीट सरकारकडे आधीच तयार असते. अर्ज ही आता बरीचशी स्मरणशक्तीची परीक्षा आहे. म्हणून जाणते लोक १,०९५ व्या दिवशी अर्ज करत नाहीत. दहा-पंधरा दिवस वर घेतात. खुद्द सरकारचाही सल्ला तोच असतो.

आकड्याच्या न्यायात एक भोक मात्र आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. दिवस देहाचे मोजतात खरे, पण खिशातला कागद कुठला यावर त्या दिवसाची किंमत ठरते. पीआर होण्याआधी विद्यार्थी किंवा वर्क परमिटवाला म्हणून काढलेला दिवस अर्धा धरतात, आणि असे जास्तीत जास्त ३६५ दिवस पदरात पडतात. म्हणजे दोन वर्षं कॉलेज केलेल्या मुलीला पीआरनंतर ७३० दिवस पुरतात. २०१५ ते २०१७ मध्ये ही अर्ध्याची सवलतही नव्हती. किचनरच्या कॉलेजात शिकणारी, रात्री कॉफीच्या दुकानात उभी राहणारी औरंगाबादची मुलगी मल्डून साहेबांच्या यादीतल्या सगळ्या ठिकाणी जाते: लिफ्ट, मॉल, देऊळ, गॅरेज. तिथल्या बर्फात तिच्या बुटांत पाणी शिरतं तेही पूर्ण शिरतं. दिवस मात्र अर्धा.

अमेरिकेत तर तोही नाही. एच-वन-बी वरची वर्षं नागरिकत्वाच्या पाच वर्षांत शून्य धरतात. मोजणी ग्रीन कार्डाच्या तारखेपासून सुरू होते, आणि भारतात जन्मलेल्यांच्या ग्रीन कार्डाच्या रांगेत माणसं केस पांढरे होईपर्यंत उभी असतात. न्यू जर्सीत घर घेतलेला, मुलं तिथंच जन्मलेला, सोळा वर्षं कर भरलेला पुण्याचा इंजिनिअर कायद्याच्या लेखी अजून राहायला लागलेलाच नाही. टोरांटोत भेटलेल्या मराठी कुटुंबांत अशी रांग सोडून आलेली बरीच होती. "तिकडे आमचा मीटरच पडला नव्हता," एकजण म्हणाला. "इथं निदान पडतो."

आपल्या देशाकडे वळू. परक्यानं भारताचा नागरिक व्हायचं तर आधीच्या चौदा वर्षांत अकरा वर्षं आणि वर अर्जाआधीचे सलग बारा महिने इथं राहायला हवं. भारतीयाशी लग्न केलं असेल तर सात वर्षं. जगातल्या कडक अटींपैकी ही एक, आणि तरी महाराष्ट्रात ती पार केलेली माणसं आपल्याला ठाऊक आहेत. मिनियापोलिसमध्ये जन्मलेल्या गेल ऑम्व्हेट पीएचडीच्या निमित्तानं आल्या, भारत पाटणकरांशी लग्न करून सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला राहिल्या आणि १९८३ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या. मॅक्सीन बर्नसन मराठीचा अभ्यास करायला आल्या, फलटणला स्थिरावल्या, तिथं कमला निंबकर बालभवन उभं केलं आणि त्याही भारताच्या नागरिक झाल्या. त्यांच्या घराचं केंद्र कुठं होतं, यासाठी कुणाला सहा प्रश्न विचारावे लागले नसते.

सगळ्यांचं असं उजेडात नसतं. उल्हासनगर, नागपूर, जळगाव इथं सिंधमधून आलेली हिंदू कुटुंबं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षामागून वर्षं काढत आली आहेत. फाळणीनंतर आलेल्यांच्या या वसाहती. नंतर नातलग येत राहिले, पण पासपोर्ट पाकिस्तानचा. डिसेंबर २०१६ मध्ये देशातल्या सोळा जिल्हाधिकाऱ्यांना अशांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले, त्यांत नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे होते. २०१९ च्या दुरुस्तीनं, तीन शेजारी देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी अकराची पाच वर्षं केली. मुसलमानांना त्यातून वगळलं, आणि त्यावरून देश किती पेटला ते आठवतच असेल. नियम यायला मार्च २०२४ उजाडला. त्या नियमांसोबत कागदांची लांब यादी आहे: जुना व्हिसा, विदेशी नोंदणी कार्यालयाचा दाखला, रेशनकार्ड, जनगणनेची पावती, शाळेचा दाखला. इथंही शेवटी तोच प्रश्न, कधी आलात आणि तेव्हापासून इथंच होतात कशावरून. फक्त इथं एक्सेल शीट नाही. पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद आहेत.

मिसिसॉगात दिवस भरले की पुढचं सुरळीत असतं. चौपन्न वर्षांपर्यंतच्यांना इंग्रजी किंवा फ्रेंच येतं हे दाखवायचं, वीस प्रश्नांत पंधरा बरोबर आणायचे, पाचपैकी तीन वर्षांचा कर भरलेला असायचा, मग शपथ. आणि ज्या क्षणी शपथ पूर्ण होते त्या क्षणी, आपल्या १९५५ च्या कायद्याच्या नवव्या कलमानं, भारताचं नागरिकत्व आपोआप जातं. अर्ज नाही, नोटीस नाही. २०२२ या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडल्याचा आकडा सरकारनं संसदेत दिला आहे. निळा पासपोर्ट जमा करायचा, सोडल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं, मग ओसीआय कार्डाचा अर्ज. त्या कार्डावर आयुष्यभर येता येतं. मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही. परत भारतीय व्हायचं असेल तर पाच वर्षं ओसीआय आणि वर अर्जाआधीचे बारा महिने भारतात. त्या बारा महिन्यांत तुटक तुटक मिळून तीस दिवसांपर्यंतची सूट केंद्र सरकार देऊ शकतं. तीस दिवस कुठं जायचं, हेही मग कुणीतरी शीटमध्ये लिहीत असेल.

मोजणी संपली असं समजणाऱ्यांची कुलकर्णी काका थट्टा करतात. ते आणि काकू दर थंडीत कोथरूडला येतात. ओंटारियोचा सरकारी आरोग्य विमा टिकवायचा तर वर्षात १५३ दिवस प्रांतात हवेत. कॅनडाचं वार्धक्य वेतन देशाबाहेर कायमचं न्यायचं तर अठराव्या वर्षानंतर वीस वर्षं तिथं काढलेली हवीत. त्यांची कधीच झाली. आणि भारतात १८२ दिवस भरले तर आयकर खातं त्यांना रहिवासी समजतं. "म्हणजे इकडे कमी पडायला नकोत आणि तिकडे जास्त व्हायला नकोत," काका म्हणाले. काकूंनी आतून सांगितलं की परतीचं तिकीट १८ मार्चचं काढलंय, आता त्यावर पुन्हा चर्चा नको.

त्यांची मुलगी पुण्यातच जन्मली. २००० नंतरच्या परतीच्या लाटेत काका कॅनडाचे नागरिक होऊन, काही वर्षांसाठी म्हणून कंपनीतर्फे हिंजवडीला परतले होते तेव्हाची ती. वडील कॅनडाचे म्हणून जन्मापासून तीही कॅनडाची. पण २००९ च्या कायद्यानं परदेशात जन्मलेल्या अशा नागरिकाच्या परदेशातच जन्मलेल्या मुलांपर्यंत हे नागरिकत्व जात नसे. डिसेंबर २०२३ मध्ये ओंटारियोच्या न्यायालयानं ही मर्यादा घटनाबाह्य ठरवली आणि २०२५ च्या डिसेंबरात नवा कायदा लागू झाला. आता नागरिकत्व पुढच्या पिढीला जातं. अट एवढीच की मूल जन्मण्याआधी त्या आईनं किंवा बापानं कॅनडात एकूण १,०९५ दिवस काढलेले हवेत. इथं पाच वर्षांची चौकट नाही. आयुष्यातले कुठलेही दिवस चालतात. मुलगी सध्या सिंगापूरला नोकरी करते, लग्न झालंय. टोरांटोला तिनं पदवीची दोन वर्षं केली, बाकी उन्हाळ्याच्या सुट्ट्या. काकांनी तिचे जुने पासपोर्ट मागवून घेतलेत आणि नवी शीट उघडली आहे. आतापर्यंत आठशे चाळीसच्या आसपास बेरीज आलीय. २०११ च्या सुट्टीची परतीची तारीख सापडत नाही, म्हणून आकडा पक्का नाही. काकूंना वाटतं की कुणीही मुलीला हे विचारायला जाऊ नये. काकांनी विचारलेलं आहे.